पोलाद गेले, पाणी आले : डॉर्टमुंडच्या फिनिक्स तळ्याचा इतिहास

जर्मनीच्या पश्चिम भागातील डॉर्टमुंड शहराच्या दक्षिणेस ह्योर्डे नावाचे उपनगर आहे. या उपनगराच्या मधोमध आज २४ हेक्टर क्षेत्राचे एक तळे आहे. त्याची लांबी सव्वा किलोमीटरच्या आसपास, रुंदी जास्तीत जास्त तीनशे मीटरहून थोडी अधिक आणि खोली बहुतेक ठिकाणी तीन ते चार मीटर आहे. काठाने सुमारे ३.२ किलोमीटरचा फिरण्याचा रस्ता, पश्चिम टोकाला लहानसे बंदर आणि उपाहारगृहे, पाण्यावर शिडाच्या होड्या आणि उतारावर पांढऱ्या भिंतींची प्रशस्त घरे असे तेथील दृश्य असते. प्रथमच पाहणाऱ्यास हे तळे पूर्वापार तेथेच असावे असे वाटेल. प्रत्यक्षात त्यात पाणी सोडण्यास प्रारंभ झाला तो १ ऑक्टोबर २०१० रोजी. त्याआधी साडेनऊ वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणजे २८ एप्रिल २००१ पर्यंत, याच जागी पोलादाचा कारखाना धडधडत होता आणि त्याला तब्बल १६० वर्षांचा इतिहास होता.

या तळ्याचे नाव 'फिनिक्स'. राखेतून पुन्हा जन्म घेणाऱ्या पौराणिक पक्ष्याचे नाव जुन्या कारखान्याच्या जागी झालेल्या तळ्याला कोणीतरी मुद्दाम, हौसेने दिले असावे, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. 'फिनिक्स' हे रूर प्रदेशातील एका जुन्या खाण व पोलाद कंपनीचे नाव. ह्योर्डे येथील कारखाना १९०६ मध्ये त्या कंपनीत विलीन झाला, तेव्हापासून हे नाव त्या जागेला चिकटले. पुनर्जन्माचा अर्थ त्याला शंभर वर्षांनंतर, योगायोगाने प्राप्त झाला.

किल्ला आणि कारखाना

ह्योर्डे हे मूळचे स्वतंत्र गाव. एम्शर नदीच्या काठी तेथे एक मध्ययुगीन गढी होती आणि तिच्या आश्रयाने वसलेल्या वस्तीला १३४० मध्ये नगराचा दर्जा मिळाला. डॉर्टमुंड शहरात ह्योर्डेचा समावेश झाला तो बराच पुढे, १९२८ मध्ये. हेरमान डीट्रिश पीपेनश्टॉक या उद्योजकाने या गढीची जागा मिळवून १८४१ मध्ये तेथे लोखंडाचा कारखाना काढला. कारखान्याला त्याचेच नाव देण्यात आले : हेरमान्सह्युटे. नदीचे पाणी जवळ, कोळसा जवळ, आणि जर्मनीत नुकताच रेल्वेचा जमाना सुरू झालेला. रुळांना आणि चाकांना मागणी मोठी होती. पुढे १८५२ मध्ये हा उद्योग भागभांडवली कंपनीच्या हाती गेला. खाणीतील कोळशापासून तयार पोलादापर्यंत सर्व काही एकाच छत्राखाली आणणे हा त्या कंपनीचा हेतू होता. १८५४ मध्ये गावाच्या पश्चिमेस कंपनीची पहिली झोतभट्टी पेटली.

येथे ह्योर्डेच्या रचनेतील एक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे, कारण पुढील सारा इतिहास त्यावर अवलंबून आहे. कारखाना दोन भागांत विभागलेला होता आणि गाव मध्ये सापडले होते. पश्चिमेस, म्हणजे 'फिनिक्स वेस्ट' येथे, झोतभट्ट्यांमध्ये खनिजापासून लोखंडाचा रस तयार होई. पूर्वेस, 'फिनिक्स ओस्ट' येथे, त्या रसाचे पोलाद होई. उकळता रस एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नेण्यासाठी 'एलियासबान' नावाचा खास लोहमार्ग होता. वितळलेल्या लोखंडाने भरलेल्या वाघिणी त्यावरून गावाच्या अंगाने ये-जा करीत. रात्री ह्योर्डेचे आकाश लाल होई, दिवसा वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसे. काजळी बसते म्हणजे पगार वेळेवर होणार, असा हिशेब अशा गावांतून मांडला जातो. तो येथेही पिढ्यान् पिढ्या मांडला गेला. याच पूर्वेकडील भागाचे पुढे तळे झाले.

धातुविज्ञानाच्या इतिहासात ह्योर्डेचे नाव येते ते एका वेगळ्याच कारणाने. युरोपातील पुष्कळशा लोहखनिजात फॉस्फरसचे प्रमाण जास्त असे. फॉस्फरस पोलादात उरला तर ते थंडीत ठिसूळ होते, रूळ तडकतात. त्या काळच्या बेसेमर पद्धतीत तो काढून टाकण्याची सोय नव्हती. लंडनच्या एका न्यायालयात कारकुनी करणाऱ्या सिडनी गिलख्रिस्ट टॉमस या तरुणाने, रसायनतज्ज्ञ चुलतभावाच्या मदतीने, या प्रश्नाचे उत्तर शोधले. पोलाद करण्याच्या भांड्याला आतून डोलोमाइटचे अस्तर द्यावयाचे आणि रसात चुना घालावयाचा, म्हणजे फॉस्फरस मळीत उतरतो. १८७९ च्या वसंतात इंग्लंडमध्ये हा प्रयोग यशस्वी होताच ह्योर्डेच्या कारखान्याचे संचालक योझेफ मासेनेत्स यांनी तिकडे धाव घेऊन त्याचे हक्क मिळविले. २२ सप्टेंबर १८७९ रोजी ह्योर्डे येथे टॉमस पद्धतीने पोलाद तयार झाले. युरोप खंडाच्या मुख्य भूमीवरील हा या पद्धतीचा पहिला वापर. मायडरिश येथील दुसऱ्या एका कारखान्याने त्याच दिवशी तो केला, म्हणून हा मान दोघांकडेही जातो. निघालेली मळी दळून शेतकऱ्यांना खत म्हणून विकली जाऊ लागली. फॉस्फरसचा हा धागा तळ्याच्या इतिहासात पुन्हा येणार आहे.

विसाव्या शतकात मालकी अनेकदा बदलली. १९२६ मध्ये कारखाना जर्मनीतील एका महाकाय पोलाद संघात सामील झाला, महायुद्धानंतर तो संघ मोडण्यात आला, १९६६ मध्ये डॉर्टमुंडच्याच होश कंपनीने ह्योर्डे ताब्यात घेतले. साठच्या दशकात टॉमस पद्धतीची जागा प्राणवायूच्या झोताने पोलाद करण्याच्या नव्या पद्धतीने घेतली. पाठोपाठ मंदीही आली. १९८० च्या अखेरीस 'नवा पोलाद कारखाना द्या' ही मागणी घेऊन डॉर्टमुंडच्या रस्त्यावर हजारोंचा मोर्चा निघाला आणि १९८१ मध्ये कामगारांच्या पत्नींनी उपोषण केले. नवा कारखाना झाला नाही. १९९२ मध्ये क्रुप कंपनीने होशला गिळंकृत केले, आणि त्या दशकाच्या अखेरीस क्रुप व थिसेन एकत्र आले. एकत्र आलेल्या या उद्योगसमूहाचा मोठा कारखाना ऱ्हाइन नदीच्या काठी ड्युइसबुर्ग येथे होता. तेथे खनिज थेट जहाजाने उतरते. डॉर्टमुंडला ते कालव्याने किंवा रेल्वेने आणावे लागे. या साध्या हिशेबापुढे डॉर्टमुंडचा निभाव लागणे शक्य नव्हते. १९९८ मध्ये फिनिक्स वेस्टची शेवटची झोतभट्टी विझली, तीन वर्षांनी फिनिक्स ओस्ट बंद झाला.

कारखाना चीनला रवाना

बंद कारखाना सामान्यतः भंगारात जातो. फिनिक्स ओस्टचे तसे झाले नाही. चीनच्या शागांग या पोलाद कंपनीने तो विकत घेतला आणि २००२ मध्ये तो उतरविण्यासाठी सुमारे एक हजार चिनी कामगार ह्योर्डेत दाखल झाले. कारखान्याच्या आवारातच त्यांची राहण्याची सोय होती. प्रत्येक तुळईवर, प्रत्येक नळावर क्रमांक घालण्यात आला. यंत्रसामग्रीबरोबर आराखडे आणि नोंदींचे कागदही बांधण्यात आले. सुमारे अडीच लाख टनांचा हा पसारा यांगत्झे नदीच्या मुखाजवळील झांगजियागांग येथे नेऊन पुन्हा उभा करावयाचा होता. हे काम वर्षाच्या आतच उरकले.

ज्यांनी आयुष्यभर त्या यंत्रांवर काम केले होते त्यांच्या डोळ्यांदेखत हे घडले. कारखाना मोडीत निघणे एक वेळ समजून घेता येते. यंत्र कालबाह्य झाले, असे म्हणून मनाची समजूत घालता येते. परंतु तेच यंत्र जगाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन चालविण्यासाठी कोणी पैसे मोजतो, याचा अर्थ यंत्र कालबाह्य झालेले नसून त्यापाशी उभा राहणारा माणूस महाग झाला आहे, असा होतो. फिनिक्स तळ्याविषयीच्या प्रचारसाहित्यात हे प्रकरण एखाद-दुसऱ्या ओळीत येते. त्याला अधिक जागा मिळावयास हवी होती.

२००४ मध्ये कारखान्याची उंच चिमणी सुरुंग लावून पाडण्यात आली. 'ह्योर्डेची मशाल' म्हणून ती ओळखली जाई, आणि दूरवरून गाव ओळखण्याची ती खूण होती. त्यानंतर सुमारे शंभर हेक्टरांचे एक सपाट, ओसाड मैदान तेवढे उरले.

नळातली नदी

तळे करण्याची कल्पना नेमकी का सुचली, हे समजण्यासाठी एम्शर नदीकडे वळावे लागते. एम्शर ही काही मोठी नदी नव्हे. डॉर्टमुंडच्या पूर्वेस होल्त्सविकेडे येथे उगम पावून ऐंशीहून अधिक किलोमीटर वाहत ती ऱ्हाइनला मिळते. रूर प्रदेशातील खाणी आणि कारखाने वाढले तसे या नदीचे गटार झाले. अन्यत्र शहरांनी सांडपाण्यासाठी जमिनीखाली बंद वाहिन्या टाकल्या. रूर प्रदेशात ते अशक्य होते, कारण खालचा कोळसा काढल्यामुळे जमीन खचत असे आणि वाहिन्या फुटत. म्हणून १८९९ मध्ये नगरपालिका, खाणी व कारखाने यांची एक सहकारी जलसंस्था स्थापन करण्यात आली, आणि तिने नदीच सरळ करून, काँक्रीटचा तळ घालून, ती उघडे गटार म्हणून वापरण्याची व्यवस्था केली. हा उपाय काही मूर्खपणाचा नव्हता; जमीन खचली तरी उघडे गटार दुरुस्त करता येते. परंतु शंभर वर्षे लाखो लोक दुर्गंधीयुक्त, कुंपण घातलेल्या एका नाल्याशेजारी राहिले. ह्योर्डेत तर नदी दिसतही नव्हती. कारखान्याखालून ती बंद नळातून नेण्यात आली होती.

कोळशाच्या खाणी बंद होत गेल्या, जमीन खचणे थांबले, आणि १९९२ पासून एम्शरच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेण्यात आले. सांडपाण्यासाठी स्वतंत्र भूमिगत वाहिन्या बांधावयाच्या आणि नदीत केवळ पावसाचे व झऱ्यांचे पाणी वाहू द्यावयाचे, अशी ही योजना. तिच्यावर सुमारे साडेपाच अब्ज युरो खर्च झाले. डॉर्टमुंडपासून पश्चिमेकडे जाणारी मुख्य सांडपाणी वाहिनीच ५१ किलोमीटर लांबीची आहे. २०२१ च्या अखेरीस संपूर्ण एम्शर सांडपाण्यापासून मुक्त झाली. नदीचा वरचा, म्हणजे ह्योर्डेकडचा, भाग त्याच्या बराच आधी स्वच्छ करण्यात आला होता.

येथे एक अडचण होती. काँक्रीटच्या सरळ नाल्यातून पुराचे पाणी झटकन निघून जाते. वळणे घेणाऱ्या नैसर्गिक पात्रातून जात नाही. ते कोठेतरी थोपवून धरावे लागते, अन्यथा खालच्या वस्त्यांत शिरते. नदी उघड्यावर आणावयाची तर पुरासाठी जागा हवी, आणि ह्योर्डेत नेमकी शंभर हेक्टर जागा मोकळी पडली होती. फिनिक्स तळे हे सर्वप्रथम पूरनियंत्रणाचे साधन आहे, ही गोष्ट काठावर कॉफी पिणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. मोठा पूर आला की एम्शरचे पाणी तळ्यात शिरते, तळ्याची पातळी वाढते आणि पूर ओसरल्यावर ते पाणी हळूहळू पुन्हा नदीत सोडले जाते.

एरवी मात्र नदी आणि तळे यांची गाठ पडत नाही. एम्शर तळ्याच्या उत्तरेने, वेगळ्या पात्रातून वाहते. नदीच्या पाण्यात पोषकद्रव्ये अधिक असतात. ती उथळ, संथ तळ्यात रोज येऊ दिली तर एका उन्हाळ्यात तळे शेवाळाने हिरवेगार होईल.

खोदकाम

तळ्यासाठी सुमारे २५ लाख घनमीटर माती व भराव हलवावा लागला. नदीच्या मूळ खोऱ्यावर दीड शतकात कारखान्याने मळी, राडारोडा आणि पायांचे काँक्रीट यांचा जाड थर चढविला होता. तो खरवडून खोऱ्याचा जुना तळ गाठावयाचा होता. जागा कारखान्याची असल्यामुळे दूषित माती निघणार हे उघड होते, आणि युद्धकाळात रूर प्रदेशावर झालेल्या बॉम्बवर्षावामुळे न फुटलेल्या बॉम्बचा शोधही घ्यावा लागला. निघालेल्या मातीचा काही भाग तेथेच वापरून तळ्याच्या पूर्वेकडील टेकडी उभारण्यात आली. तिला 'कायझरबेर्ग' असे भारदस्त नाव आहे. तिच्यावरून पूर्ण तळे, पश्चिमेस जुनी गढी आणि पलीकडे फिनिक्स वेस्टच्या झोतभट्ट्या दिसतात. पीपेनश्टॉकने ज्या गढीपाशी कारखाना काढला ती कारखान्याला पुरून उरली. मधल्या काळात तिच्यात कारखान्याचे कार्यालयही होते.

सुमारे सहा लाख घनमीटर क्षमतेचे हे तळे भरण्यास काही महिने लागले. ९ मे २०११ रोजी भोवतालचे कुंपण काढून ते लोकांसाठी खुले करण्यात आले. दीडशेहून अधिक वर्षे ज्या जमिनीवर केवळ कामगाराचे ओळखपत्र असलेल्यास प्रवेश होता, तेथे प्रथमच कोणालाही पाय ठेवता येऊ लागला. ही बाब किरकोळ नाही.

येथे फॉस्फरसचा धागा पुन्हा हाती येतो. तळ्याच्या पाण्यातील फॉस्फेट काढून टाकण्यासाठी काठावर एक संयंत्र आहे. फॉस्फेट हे शेवाळाचे खाद्य. ते कमी ठेवले की पाणी नितळ राहते. ज्या मूलद्रव्याला पोलादातून हुसकावून ह्योर्डेने १८७९ मध्ये नाव कमावले, त्याच मूलद्रव्याला आज त्याच जागी पाण्यातून हुसकावण्याचे काम अहोरात्र चालते. परंतु नितळ पाण्याचे स्वतःचे दुखणे असते. सूर्यप्रकाश तीन-चार मीटर खोल तळापर्यंत पोचतो, आणि तेथे एलोडिया ही मूळची उत्तर अमेरिकेतील पाणवनस्पती फोफावते. तिच्यात होड्यांचे सुकाणू अडकते. त्यामुळे उन्हाळ्यात पाण्याखाली कापणी करणाऱ्या खास नौका चालवाव्या लागतात. मोठ्या खर्चाने घडविलेले तळेसुद्धा शेतासारखे निंदावे लागते, हे नियोजनकर्त्यांना काही वर्षांत उमगले. तळ्यात पोहण्यास बंदी आहे.

कोणाचे तळे?

तळ्याभोवतीची जमीन भूखंड पाडून विकण्यात आली. खर्चाची तोंडमिळवणी होण्यासाठी ते आवश्यकच होते, असे शहराचे म्हणणे. काठावर मोठमोठी घरे, सदनिका आणि कार्यालये उभी राहिली. पाण्याकाठच्या घरांच्या किमती डॉर्टमुंडमधील सर्वांत चढ्या किमतींत मोडतात. तळ्यापासून थोड्याच अंतरावर क्लारेनबेर्ग ही उंच इमारतींची वसाहत आणि कामगारांच्या जुन्या चाळवजा घरांच्या गल्ल्या आहेत. कारखाना गेल्यानंतर तेथील बेकारी एकाएकी गेली नाही. एका बाजूला तळ्याचा देखावा, दुसऱ्या बाजूला वाढत्या भाड्याची धास्ती, असे दोन ह्योर्डे शेजारी शेजारी राहू लागले. उलरिके फ्रांके आणि मिषाएल लोएकन या माहितीपटकारांनी कारखान्याच्या ओसाड जागेपासून नव्या वस्तीपर्यंतचा हा सारा प्रवास वर्षानुवर्षे चित्रित केला. 'ग्योट्लिशे लागे', म्हणजे 'स्वर्गीय जागा', हा त्यांचा माहितीपट २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. भूखंडाच्या जाहिरातीत शोभावे असे ते शीर्षक मुद्दामच उपरोधिक आहे.

याबाबत डॉर्टमुंडमध्ये आजही मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंना तथ्य आहे. तळ्याचे समर्थक म्हणतात, की तळे केले नसते तर तेथे आणखी काही वर्षे ओसाड मैदानच राहिले असते, नदी नळातच राहिली असती आणि जुन्या ह्योर्डेच्या बाजारपेठेला आज आहे तेवढेही गिऱ्हाईक मिळाले नसते. हे नाकारता येत नाही. परंतु जलव्यवस्थापनाचे यश आणि रोजगाराची भरपाई ही दोन स्वतंत्र खाती आहेत. पहिल्या खात्यात तळे निःसंशय जमेच्या बाजूस पडते. दुसऱ्या खात्याचा हिशेब तळ्याच्या सौंदर्याने पुरा होत नाही. ज्या हजारो हातांचे काम गेले त्यांपैकी फारच थोड्यांना पाण्यासमोरचे घर परवडले असेल, हे सांगण्यास आकडेवारीची गरज नाही. जुन्या झोतभट्ट्यांच्या परिसरात, फिनिक्स वेस्ट येथे, सूक्ष्मतंत्रज्ञान व संगणक क्षेत्रातील उद्योगांसाठी जागा राखण्यात आली आणि तेथे नव्या नोकऱ्याही आल्या. मात्र त्या निराळ्या शिक्षणाच्या, निराळ्या माणसांच्या.

वारशाच्या जतनातही पूर्व आणि पश्चिम असा भेद झाला. फिनिक्स वेस्ट येथील झोतभट्ट्या वारसा म्हणून राखण्यात आल्या आहेत आणि उंचावरील मार्गावरून त्या पाहता येतात. होश कंपनीच्या इतिहासाचे संग्रहालय शहराच्या उत्तर भागात, तिच्या जुन्या प्रवेशद्वाराच्या इमारतीत, २००५ मध्ये सुरू झाले. फिनिक्स ओस्ट मात्र समूळ नाहीसा झाला. जे चीनला गेले नाही ते पाण्यासाठी खोदून काढण्यात आले. एलियासबानच्या जुन्या मार्गाच्या काही भागावर आता पादचारी आणि सायकलस्वार दिसतात. तळ्याच्या उतारावर एम्शरच्या जलसंस्थेने द्राक्षाची छोटी बागही लावली. त्यासाठी निवडलेल्या पांढऱ्या द्राक्षाच्या वाणाचे नाव फिनिक्स आहे.

पूर्वेकडील कारखान्याची एकच ठळक खूण तळ्यात शिल्लक आहे. बंदराजवळच्या छोट्या बेटावर टॉमस पद्धतीचे पोलाद करण्याचे एक मूळ भांडे उभे करून ठेवले आहे. आकाराने ते नासपतीसारखे आहे, म्हणून कामगार त्याला त्याच फळाच्या नावाने ओळखत. त्याची उंची सुमारे ७ मीटर. एके काळी त्याच्या तोंडातून ठिणग्यांचा फवारा उडे. सुटीच्या दिवशी मुले त्याच्याभोवती खेळतात, आणि एखादा वृद्ध गृहस्थ नातवंडांना त्याचे तोंड कोणत्या बाजूला कलते करीत, हे हाताने दाखविताना दिसतो.